हॉटेलांची कार्यक्षमता आणि आत्याचे नवरदेव

वेगवेगळ्या प्रकारच्या सेवा देणाऱ्या हॉटेलांची कार्यक्षमता मोजणे, असा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. तो मी निवडला नव्हता. मार्गदर्शक सरांकडे विषयांची यादी तयार होती आणि ती त्यांनी आम्हा नव्या विद्यार्थ्यांना एकाच दिवशी वाटून टाकली. एकाला सहकारी बँका मिळाल्या, एकीला दूध संघ. माझी एसटी वाटेत पंक्चर झाली, मी तासभर उशिरा पोहोचले आणि उरलेली हॉटेलं माझ्या वाट्याला आली.

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, परभणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवत होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. या तिन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या, तिसरी तर फारच.

सरांनी विषय समजावून सांगितला. हॉटेलं तीन प्रकारची घ्यायची. नुसत्या खोल्या देणारी, खोल्यांबरोबर जेवण देणारी, आणि खोल्या, जेवण, शिवाय हॉल नाहीतर लॉन असलेली. खोल्या किती, कामाला माणसं किती, वीज किती जळते हे एका बाजूला लिहायचं. पाहुणे किती उतरले, ताटं किती गेली, कार्यं किती झाली हे दुसऱ्या बाजूला. कमी साधनांत जो सगळ्यात जास्त काम काढतो त्याला पूर्ण एक गुण द्यायचा, आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत एकाच्या खाली, दशांशात. गणित संगणक करणार होता. मी फक्त माहिती आणायची होती. 'फक्त' हा शब्द सरांचा.

प्रश्नावली तयार झाल्यावर ती एकदा कुठंतरी करून बघावी म्हणून मी झरीला गेले, कारण तिथं माझी आत्या राहते. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, अंगानं किरकोळ, आवाजानं मात्र अजून दोन वर्ग एकदम सांभाळणारी. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातल्या मुलीही शाळेत जातील असं ठरवून टाकलं होतं, आणि आत्या ही त्या निर्णयाची पहिली मानकरी. त्यामुळं शिक्षणाचं काही काम म्हटलं की ती हातातलं सगळं सोडून उभी राहते.

गावात हॉटेलं किती, असं मी विचारलं तर लोकांनी सात सांगितली. मला आनंद झाला. सातही ठिकाणी गेले. सातही ठिकाणी एक भट्टी, एक कढई, भज्यांची परात आणि दोन बाकडी होती. तरी प्रश्नावली ती प्रश्नावली, म्हणून एका मालकाला मी विचारलं की खोल्या किती आहेत. त्यानं मागं वळून घराकडं पाहिलं आणि जरा संकोचून म्हणाला, "दोन हायत. पण तिथं आमी राहताव."

आत्या दिवसभर हसली. मग तिनं माझी प्रश्नावली लाल पेनानं तपासली, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि खाली 'पुन्हा लिही' असं लिहून सही केली.

खरं काम परभणीत होतं. पहिल्या लॉजवर मी गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घालून गेले. काउंटरवरच्या गृहस्थानं माझ्याकडं, मग माझ्या मागच्या दाराकडं पाहिलं आणि सोबत कोण आहे असं विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मला खोली नको, माहिती पाहिजे, असं सांगितल्यावर तर तो आणखीच घाबरला. टॅक्सच्या ऑफिसातून आलात का, नगरपालिकेतून आलात का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी प्रबंधाचं सांगितलं. प्रबंध म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण यात आपलं भलं नाही एवढं त्यानं ओळखलं.

कामाला माणसं किती, या प्रश्नावर तो म्हणाला की कुणीच नाही, मी आणि माझा भाऊ. त्याच्या मागं एक जण फरशी पुसत होता. दुसरा दोन बादल्या घेऊन जिना चढत होता. तिसरा उशांची चळत छातीशी धरून थांबला होता, कारण मी वाटेत उभी होते. मी त्या तिघांकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं.

"ते असंच येतेत," तो म्हणाला.

आठवड्याभरात मी परभणीतली आठ-नऊ ठिकाणं केली. कुठं मालक भेटला नाही तर मॅनेजरकडून फॉर्म भरून घेतला. सगळ्यांनी सांगितलेली माहिती खरी धरली असती तर त्या वर्षी आमच्या गावात बाहेरचा एकही माणूस झोपलेला नव्हता, आणि ही सगळी हॉटेलं मालक केवळ हौस म्हणून झाडून ठेवत होते. संगणकात ते आकडे घातले तेव्हा त्यानंही हात टेकले.

तेवढ्यात वडिलांच्या कुणा ओळखीच्यानं त्यांना धान्याच्या मोंढ्यात गाठून सांगितलं की तुमची मुलगी एका दिवसात चार लॉजमध्ये जाताना दिसली. वडिलांनी ते घरी येऊन शांतपणे आईला सांगितलं. आईनं तितक्या शांतपणे झरीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आत्या आली. तिच्या पिशवीत आठवडाभराचे कपडे, औषधाची डबी आणि लाल पेन होतं.

"आता मी सोबत येते," ती म्हणाली, "बघू कोण कसं खोटं बोलतंय ते."

आम्ही जिंतूर रोडवरच्या एका तीन मजली हॉटेलपासून सुरुवात केली. त्याला मागं मोठं लॉन होतं, म्हणजे माझ्या तिसऱ्या प्रकारात ते बसत होतं. आधीच्या फेरीत तिथल्या मॅनेजरनं माझा फॉर्म भरून दिला होता. खोल्या बारा, माणसं पाच, कार्यं जवळपास नाहीत. या वेळी मॅनेजर कुठं बाहेर गेला होता आणि मालक स्वतः बसले होते. पन्नाशीचे, पांढरा सफारी, टेबलावर दोन मोबाइल. आम्हाला बघताच ते उठून उभे राहिले आणि कार्य आहे का असं त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून प्रश्नावली काढत होते. आत्या पंख्याखालची खुर्ची ओढून बसली, पदरानं कपाळ टिपलं आणि म्हणाली, "बघायलाव."

आत्या आजही म्हणते की ती खोटं बोलली नाही. आम्ही बघतच होतो. पण मालकांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडं पाहिलं, आणि ही नवरी आणि ही पाहुण्यांची यादी असं समजून घेतलं. त्यांनी चहा मागवला. पुढचा अर्धा तास त्यांना काही विचारावंच लागलं नाही. खोल्या बावीस आहेत. सतरा माणसं कामाला आहेत, शिवाय कार्याच्या दिवशी वरची वेगळी. हंगामात एक खोली रिकामी मिळायची नाही. जनरेटर नवीन आहे. स्वयंपाकाला तीन आचारी, एक खास चायनीजचा. आत्या मान डोलवत ऐकत होती आणि मधून मधून मास्तरणीसारखं, वीज किती लागते, धुणं किती निघतं, असं विचारत होती. मी खाली मान घालून लिहीत होते. नवरी लाजते आहे असं वाटून त्यांनी मला एक थंड बाटलीही दिली.

मग त्यांनी मुलगा काय करतो असं विचारलं. माझं पेन थांबलं.

"इंजिनीअर हाय," आत्या म्हणाली. "पुण्याला."

बाहेर आल्यावर मी तिच्याशी भांडले. हे संशोधन आहे, अशी माहिती घेणं नियमात बसत नाही, उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं मी बरंच बोलले. ती छत्री उघडत म्हणाली की तू ओळखपत्र लावून गेलीस तेव्हा त्यांनी दहा खोल्या लपवल्या, आता त्याच खोल्या त्यांनी आपणहून दाखवल्या, मग नियम कुणी मोडला ते तू ठरव. खरं सांगायचं तर मला गंमत वाटायला लागली होती, आणि त्या रात्री मॅनेजरचा फॉर्म आणि मालकांची माहिती शेजारी शेजारी ठेवून मी दोन्हींकडं खूप वेळ बघत बसले.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही हेच केलं. दुपारी माझे तास संपले की निघायचं. आत्याला अभिनयाची चटक लागली. हॉटेल जसं असेल तसा नवरदेव असायचा. लॉनवाल्याकडं पुण्याचा इंजिनीअर झाला होता. साध्या जेवणाच्या हॉटेलात तो तहसीलमध्ये क्लार्क झाला. नुसत्या खोल्यांच्या लॉजवर, वऱ्हाड उतरवायच्या निमित्तानं, लाइनमन. एका ठिकाणी मालकानं फारच ऐट केली म्हणून तिनं त्याला डॉक्टर करून टाकलं. मी विचारलं, हे कशाला. तर म्हणाली, माणूस आपल्या तोलाचं पाव्हणं बघून बोलतो, लाइनमन सांगितला असता तर यानं आपल्याला वरचा मजला दाखवला नसता.

पण आता नवीन अडचण आली. टॅक्सच्या भीतीनं सांगितलेले आकडे खाली गेलेले, कार्याच्या आशेनं सांगितलेले वर गेलेले. खरं मधे कुठंतरी होतं. सरांना फोन केला तर ते म्हणाले की दोन्हींची सरासरी काढणं शास्त्रीय नाही, आणि आणखी काही सांगितलं नाही.

उपाय आत्यानंच काढला. ती सकाळी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती, ती तशीच ओल्या हातानं खाली आली आणि म्हणाली, "लॉजमध्ये माणूस झोपला की चादर धुवावी लागती. चादरी मोज की."

जिंतूर रोडवरच्या त्या हॉटेलसमोर तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा शिकवणी वर्ग होता, तिसऱ्या मजल्यावर. तिचे विद्यार्थी जिल्ह्यात सगळीकडं आहेत आणि सगळे तिला अजून घाबरतात. त्यानं आम्हाला गॅलरीत दोन खुर्च्या टाकून दिल्या. तिथून त्या हॉटेलची आणि शेजारच्या आणखी दोघांची गच्ची स्वच्छ दिसायची. आठ दिवस रोज सकाळी आम्ही तिथं बसलो. वेळ चुकवून चालत नव्हतं, कारण परभणीच्या उन्हात चादर अर्ध्या तासात वाळते आणि लगेच खाली जाते. आत्या मोजायची, मी लिहायची. उशांचे अभ्रे वेगळे मोजायचे यावर ती ठाम होती, कारण एका खोलीत दोन माणसं आहेत का चार, ते अभ्र्यांवरून कळतं. बाकीच्या हॉटेलांसाठी आम्ही असेच कुणाकुणाचे जिने चढलो.

चादरींनी बरंच सांगितलं. लॉनवाल्यांच्या बावीस खोल्या खऱ्या होत्या, पण हंगाम सोडून निम्म्याच भरत होत्या. ज्यानं मला स्वतः आणि भाऊ एवढीच माणसं सांगितली होती, त्याच्याकडं रोज खोल्या भरत होत्या. आणि एक लॉज असं निघालं की आठ दिवसांत गच्चीवर एकही चादर आली नाही. मी तिथं पाहुणे शून्य असं लिहायला लागले तर आत्यानं मला थांबवलं. ती समोर गेली, खोली बघायची आहे म्हणून वर गेली आणि पाच मिनिटांत खाली आली. नाकाला दस्ती धरलेली होती.

"पाव्हणे हायत," ती म्हणाली. "धुणं न्हाई."

गंमत पुढेच झाली. त्या लॉजचे आकडे संगणकात घातल्यावर ते जवळजवळ सगळ्यांच्या वर गेलं. धुलाई नाही म्हणजे साबण नाही, पाणी नाही, माणूस नाही. साधनं कमी आणि पाहुणे तेवढेच. सूत्राच्या हिशोबानं हे अत्यंत कार्यक्षम हॉटेल होतं. मी सरांना कळवलं. ते म्हणाले की गुणवत्ता आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि सरांना, ज्यांना ती कधी भेटलेली नव्हती, विचारलं की सर, तुमच्या या पद्धतीत वर्गातल्या पहिल्या मुलाला पैकीच्या पैकी देतात ना, मग सगळा वर्गच ढ असला तर काय करता. सरांनी बघून सांगतो म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की उतरलेले पाहुणे मोजताना पुन्हा येणारे पाहुणे वेगळे मोजावेत, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या बाई कोण होत्या.

इकडं मात्र गावात वेगळंच चाललं होतं. परभणी मोठं शहर नाही. चारठाण्याहून मामांचा फोन आला. ते रागानं बोलत नव्हते, दुखावून बोलत होते, ते जास्त वाईट. भाचीचं जमलं आणि सख्ख्या मामाला परक्याकडून कळावं, असं ते आईला म्हणाले. आईला काही कळेना. तेवढ्यात शेजारच्या बाई साखर घेऊन आल्या आणि मुलगा तहसीलमध्ये आहे हे बरं झालं, गावातच राहील, असं म्हणाल्या. वडिलांना कुणी डॉक्टर जावयाबद्दल शुभेच्छा दिल्या, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणी लाइनमनबद्दल समजूत घातली, की हल्ली सरकारी नोकरी कुठं मिळते. वडील घरी आले, चपला काढल्या आणि मला विचारलं, "एकूण किती आहेत?"

आत्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. आई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

रविवारी सकाळी जिंतूर रोडवरचे ते लॉनवाले मालक आमच्या घरी आले. पत्ता त्यांनी कुणाला तरी विचारून काढला होता. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक जाड डायरी. सोफ्यावर बसून त्यांनी सांगितलं की माघातल्या एका तारखेवर मी तुमचं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, दोन जण मागत होते, त्यांना नाही म्हटलं, आता पेनानं लिहू का एवढं विचारायला आलो. त्या दोघांचं ऐकून, इतके दिवस जे गमतीचं वाटत होतं ते एकदम गमतीचं राहिलं नाही. वडील आत्याकडं बघत होते, आत्या पंख्याकडं बघत होती. आईनं चहा आणला आणि ट्रे ठेवून ती तिथंच उभी राहिली.

मीच सांगितलं. विषय, प्रश्नावली, मॅनेजरचा फॉर्म, आत्याचं 'बघायलाव', सगळं. चादरींचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगायचं धैर्य नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"म्हंजे मुलगाच न्हाई?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"इंजिनीअर?"

"तो मी केला," आत्या म्हणाली. "चूक माझी हाय. पोरीला बोलू नका."

त्यांनी डायरी उघडली, खिशातून खोडरबर काढलं, ते त्यांच्याजवळ होतं याचं मला आजही नवल वाटतं, आणि त्या तारखेवरचं नाव सावकाश खोडलं. कागदावरचा भुगा फुंकरीनं उडवला. मी माफी मागितली. त्या दोघांना आजच फोन करते, तुमचं नुकसान होऊ देणार नाही, असं म्हटलं. ते म्हणाले की ते मी बघतो. मग डायरी मिटून ते जरा पुढं सरकले आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग मी कितवा आलो?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. त्यांना आपला नंबर पाहिजे होता. विशेषतः शेजारच्या हॉटेलच्या तुलनेत. मी सांगितलं की खरे आकडे नसताना नंबर सांगता येत नाही, चादरींवरून अंदाज येतो, निकाल नाही. पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावरच ठेवला आणि जाताना म्हणाले की उद्या या, रजिस्टर बघा, पण शेजारच्याचंही खरं रजिस्टर आणा, नाहीतर मला उगाच खाली दाखवाल.

मी प्रबंधासाठी इतकी पुस्तकं वाचली होती, त्यातल्या एकातही हे लिहिलेलं नव्हतं. हॉटेलवाल्याला टॅक्सची भीती असते, गिऱ्हाइकाची आशा असते, पण या दोन्हीपेक्षा शेजारच्याच्या वर आपण आहोत का हे कळण्याची त्याची इच्छा मोठी असते. दुसऱ्या दिवसापासून मी ओळखपत्र घालून, आधी आमच्या लबाडीची कबुली देऊन, मग नंबराचं सांगून गेले. बहुतेकांनी रजिस्टरं उघडली. 'ते असंच येतेत' म्हणणाऱ्यानं तर त्या तिन्ही माणसांना बोलावून माझ्यासमोर उभं केलं आणि प्रत्येकजण किती खोल्या सांभाळतो ते सांगायला लावलं. फक्त बिनचादरीच्या लॉजवाल्यानं आम्हाला हाकलून दिलं. आत्या त्याला जाताना म्हणाली की बाबा, एवढं मोठं छत बांधलंस, तिथं काहीतरी वाळत घाल. त्याचं लॉज आम्हाला यादीतून काढावं लागलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या सोनपेठला एक बाई सहा खोल्यांचं लॉज चालवायच्या. आठवडी बाजाराला आदल्या दिवशी येणारे व्यापारी तिथं उतरायचे, आणि घरात जे शिजेल तेच त्यांना ताटात मिळायचं. बाईंचे यजमान शेती बघायचे. नवरदेवांच्या दिवसांत आम्ही तिथंही जाऊन आलो होतो, पण तिथं आमची डाळ शिजली नव्हती. आत्यानं क्लार्क सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या होत्या, "नवरी खोली बघंना, कागद बघायली. तुमी सर्वे करायलाव न्हाई का?" आणि मग आम्हाला जेवायला वाढून सगळी माहिती खरी खरी सांगितली होती. ती मी नंतर रजिस्टराशी ताडून पाहिली. एकाही ओळीत फरक नव्हता.

निकाल लागला तेव्हा मी आधी लॉनवाल्यांकडं गेले. ते मधल्या रांगेत आले होते. कारण सांगणं अवघड होतं, तरी सांगितलं. लॉन चांगलं चाललं होतं, खोल्याही बऱ्या होत्या, पण तीन आचारी आणि दीडशे पदार्थांचं कार्ड हंगाम संपला की नुसतं बसून होतं. वर्षभर चायनीजच्या आचाऱ्याला लोक पोहे करायला सांगत होते. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग शेजारचा वर आहे का खाली, असं विचारलं. दुसऱ्या हॉटेलचा निकाल सांगणं संशोधनाच्या नियमात बसत नव्हतं आणि मी तसं म्हटलं. आत्याला ते नियम लागू नव्हते. तिनं डोळ्यांनी जमिनीकडं खूण केली. त्यांचा चेहरा खुलला. महिन्याभरानं मी तिकडून गेले तेव्हा बाहेरच्या फलकावरून चायनीजची ओळ पांढऱ्या रंगानं पुसलेली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की माहितीची पडताळणी कशी केली. प्रबंधात मी 'छतावरील वाळत्या वस्त्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण' असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फक्त नवरदेव वगळले. परीक्षक हसले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले. पदवी मिळाली. नोकरी अजून तासिका तत्त्वावरच आहे. मामांशी बोलणं सुरू झालं, पण त्यासाठी आत्याला चारठाण्याला जाऊन दोन दिवस राहावं लागलं.

पदवी मिळाल्यावर मी आणि आत्या प्रबंधाची एक प्रत घेऊन सोनपेठला गेलो. दुपारची वेळ होती. बाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं की जेवण देणाऱ्या गटात तुमचं लॉज पहिलं आलं, पूर्ण एक गुण, जिल्ह्यातल्या मोठ्या मोठ्या हॉटेलांना तुमच्याशी ताडून पाहिलं. पान काढून त्यांच्या हॉटेलचा तिथला क्रमांक दाखवला, कारण नाव छापायचं नव्हतं. त्यांनी हात पुसून प्रत घेतली, वजन बघितल्यासारखी जरा वर-खाली केली, आणि त्या पानावरच्या त्या एकावर बोट ठेवलं.

"मग मी आता काय करू?" त्यांनी विचारलं.

चार वर्षं मी हेच मोजत होते, आणि हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत कुठंच नव्हता. मी आत्याकडं पाहिलं. ती परातीतल्या डाळीकडं बघत होती.

"काही नाही," मी म्हटलं, "चाललंय तसंच चालू द्या."

"ते चालूच हाय की," त्या म्हणाल्या. वरून कुणा पाहुण्यानं गरम पाण्यासाठी हाक दिली. त्यांनी प्रबंध खाटेवर उशीशेजारी ठेवला, डाळीची परात आत्याच्या पुढ्यात सरकवली आणि त्या बंब बघायला आत गेल्या.